धाप घोड्याची, दोष गवताचा

घोडा खोकू लागला, उभ्या जागी नाकपुड्या फुलवू लागला, की हल्ली ‘ॲलर्जी’ हा शब्द लगेच पुढे येतो. पूर्वी अशा जनावराला दमेकरी म्हणत आणि कामातून बाद करत. आता सल्ला वेगळा मिळतो: कातडीची किंवा रक्ताची चाचणी करा, कशाची ॲलर्जी आहे ते शोधा आणि त्याचीच इंजेक्शने द्या. हा सल्ला शास्त्रीय वाटतो आणि मालकाला धीर देतो, कारण शत्रूचे नाव कळले की अर्धी लढाई जिंकल्यासारखे वाटते. तरीही श्वासाच्या आजारापुरता तो उथळ आहे, असे माझे ठाम मत आहे. घोड्याच्या दम्याचे कारण कातडीला विचारून कळत नाही. ते गवताला विचारावे लागते, आणि ते गवत कोणी, कधी, किती वाळवून बांधले हेही विचारावे लागते.

हा प्रश्न मी शहापूर आणि मुरबाडच्या संदर्भात मांडतो आहे, त्याला कारण आहे. इथे घोडे थोडे: वरातीची घोडी, फार्महाऊसवर हौसेने पाळलेली काही जनावरे. पण गवत उदंड. या दोन तालुक्यांच्या माळांवरचे आणि डोंगरउतारांवरचे गवत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकडच्या तबेल्यांना जात आले आहे. रोग दिसतो तबेल्यात, पण त्याची सुरुवात गवत कापले जाते तिथे होते. म्हणून विचारही तिथूनच सुरू व्हायला हवा.

१. आधी आजार कोणता, ते ठरवू

खोकणारा प्रत्येक घोडा दमेकरी नसतो. ताप असेल, नाकातून घट्ट पू येत असेल, जबड्याखाली गाठ आली असेल किंवा कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसत असतील, तर तो संसर्ग असू शकतो. त्यात ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा जीवघेणा रोग असू शकतो. अशा वेळी घोडा वेगळा बांधून पशुवैद्यकाला तातडीने बोलावणे, एवढे एकच काम उरते.

मी बोलतो आहे तो आजार निराळा. त्यात ताप नसतो. घोडा खातो-पितो, पण चारा टाकताना किंवा काम सुरू करताना खोकतो. पुढे विश्रांतीतही त्याला धाप लागते. निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो. या घोड्याचा वेग वाढतो आणि श्वास बाहेर टाकण्यासाठी तो पोटाचे स्नायू आवळू लागतो. महिनोन्‌महिने असे चालले की ते स्नायू जाड होतात आणि बरगड्यांच्या कडेने एक तिरकी रेघ उठून दिसते. इंग्लंडमधले वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनी १६९८ साली माणसाच्या दम्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी अशाच एका धापणाऱ्या घोडीच्या शवविच्छेदनाचे वर्णन त्यात केले होते. म्हणजे हा आजार नवा नाही, आपण त्याला दिलेली नावे मात्र बदलत गेली. २०१६ पासून पशुवैद्यकशास्त्रात त्याच्या सौम्य आणि तीव्र अशा दोन्ही रूपांना मिळून ‘अश्वदमा’ असे एकच नाव रूढ होत आहे.

या आजाराची ओळख फुप्फुसातच पटते. श्वासनलिकांत मिठाचे पाणी सोडून ते परत ओढून घेतात आणि त्यातल्या पेशी मोजतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी निरोगी घोड्यात त्या द्रवात थोड्याच असतात, साधारण ५ टक्क्यांच्या आत. तीव्र दम्यात त्या २५ टक्क्यांच्या वर जातात. ही खूण लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

२. कातडी काय सांगते

चाचणीची रीत सोपी आहे. मानेवरचे केस कापतात. बुरशी, परागकण, धुळीतले सूक्ष्म कोळी आणि कीटक यांचे पातळ अर्क कातडीत थेंब-थेंब टोचतात. तुलनेसाठी एका जागी नुसते मिठाचे पाणी आणि दुसऱ्या जागी हिस्टामिन टोचतात. पंधरा मिनिटे ते अर्धा तास गेल्यावर, पुन्हा काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी किती गांधी उठल्या ते पाहतात. ॲलर्जीविरोधी औषधे आणि स्टेरॉइड आधी काही काळ बंद ठेवावी लागतात, नाहीतर निकाल फसवा येतो.

गांधी उठली याचा अर्थ एवढाच, की या घोड्याच्या शरीराला तो पदार्थ ओळखीचा आहे आणि कातडीतल्या पेशी त्यावर चिडतात. तो पदार्थ फुप्फुसात गेला की धाप लागते, हे त्यातून सिद्ध होत नाही. तबेल्यात राहणारा प्रत्येक घोडा आयुष्यभर बुरशीचे बीजाणू हुंगत असतो, त्यामुळे निरोगी घोड्यांतही अशा गांधी उठतात. उलट ज्या घोड्याला बुरसट गवत टाकताच धाप लागते, त्याची कातडी त्याच बुरशीच्या अर्काला गप्प राहू शकते. काही अभ्यासांत दमेकरी घोड्यांत गांधी जास्त आढळल्या, काहींत फरक आढळला नाही. ज्या खुणेवर आजारी आणि निरोगी जनावर भरवशाने वेगळे काढता येत नाही, तिच्या आधारे उपचार ठरवणे म्हणजे अंधारात बाण मारणे.

अंगावर पित्त उठणे, कीटकांच्या चाव्याने खाज सुटणे अशा कातडीच्या आजारांत या चाचणीला काही जागा आहे. तिथे रोगही कातडीत आणि चाचणीही कातडीवर. फुप्फुसाचा प्रश्न कातडीला विचारला, की तिथेच गफलत होते.

३. यादीत नसलेला गुन्हेगार

गफलतीचे मूळ आणखी खोल आहे. ॲलर्जीची चाचणी असे धरून चालते की गुन्हेगार एक आहे आणि त्याला नाव आहे. गवताच्या धुळीचे तसे नसते. तिच्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटससारख्या बुरशीचे बीजाणू असतात, उष्णतेत वाढणारे ॲक्टिनोमायसीट जंतू असतात, कोळी असतात, गवताचे आणि मातीचे सूक्ष्म कण असतात. शिवाय मेलेल्या जंतूंच्या आवरणातून सुटणारे एंडोटॉक्सिन हे विष असते. हे विष ॲलर्जी निर्माण करत नाही, ते थेट दाह पेटवते. जे ॲलर्जीच्या वाटेने येतच नाही, ते ॲलर्जीच्या चाचणीत सापडणार कसे? हे सारे घटक एकत्र फुप्फुसात जातात आणि एकमेकांचा परिणाम वाढवतात.

दुसरे कारण वेळेचे आहे. कातडीवरची पहिली गांधी अर्ध्या तासात उठते. फुप्फुसात न्यूट्रोफिलांची गर्दी व्हायला काही तास लागतात आणि धाप पूर्ण दिसायला कधी कधी काही दिवस. ज्या झटपट यंत्रणेवर ही चाचणी मुख्यतः उभी आहे, तिचा घोड्याच्या दम्यातला वाटा अजून वादातच आहे.

तिसरे कारण आपल्या मातीचे आहे. परदेशात बनणाऱ्या अर्कांच्या संचात टिमोथीसारख्या तिकडच्या गवतांचे पराग असतात. शहापूर-मुरबाडच्या घोड्यापुढे पडते ते कुसळी, पवना आणि भाताचा पेंढा. इथल्या घोड्याला तिकडच्या गवताची ओळखपरेड दाखवून काय हाती लागणार?

४. डोंगरउतारापासून तोबऱ्यापर्यंत

आता गवताकडे येऊ, कारण खरा खुलासा तिथे आहे.

१८६१ साली रेल्वे वाशिंद, आसनगाव मागे टाकून कसाऱ्यापर्यंत पोचली. तेव्हापासून या भागातल्या गवताला मुंबईच्या बाजारपेठेचा सरळ रस्ता मिळाला. पुढे रूळांच्या जोडीला महामार्ग आला, भाऱ्यांच्या जागी दाबलेल्या गाठी आल्या, पण ऋतूचे गणित बदलले नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा मुसळधार पावसाचा. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे उगाच इकडे नाहीत. पाऊस आश्विनात ओसरतो. दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, त्याच सुमारास माळावरचे गवत पिवळे पडू लागते. भाताची कापणी आणि गवताची कापणी मागेपुढे येतात. मजूर तेच, दिवस थोडे आणि डोक्यावर परतीच्या पावसाची टांगती तलवार.

या घाईत वाळवण अपुरे राहते. वरून सोनेरी दिसणारी पेंढी आत दमट असते. सकाळचे दव असतानाच भारे बांधले, जमिनीवर थेट गंजी रचली किंवा अर्धओले गवत यंत्रात दाबले, की आतल्या आत ते तापू लागते. गवतात हात घालून ऊब जाणवते ती जंतूंच्या जगण्याची ऊब असते.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे आकड्यांत दाखवले. सुमारे १६ टक्के ओलाव्याने बांधलेले गवत फारसे तापले नाही आणि त्यात बुरशीही थोडीच धरली. २५ टक्के ओलाव्याचे गवत ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापले आणि बुरशीने भरले. ४० टक्के ओलाव्याचे गवत ६० अंशांच्या पुढे गेले आणि त्यात उष्णता सोसणारे ॲक्टिनोमायसीट जंतू माजले. माळ तोच, गवत तेच आणि कापणारा हातही तोच असला, तरी बांधतानाच्या ओलाव्याने चारा आणि विष यांतला फरक ठरतो.

असे गवत तबेल्यात येते तेव्हा वरून कोरडेच दिसते. गाठ सोडून झटकली की पांढुरकी धूळ उडते आणि कुबट वास येतो. घोडा एका श्वासात सुमारे ५ लिटर हवा घेतो. मिनिटाला १२ श्वास धरले तर दिवसाला ८६ हजार लिटर हवा त्याच्या फुप्फुसातून जाते. शिवाय ही हवा तो तबेल्याच्या मधोमध उभा राहून घेत नाही. दिवसाचे कित्येक तास त्याचे नाक गव्हाणीत, जाळीत किंवा तोबऱ्यात खुपसलेले असते. आपल्याला पागेत हवा बरी वाटते, कारण आपले नाक वर असते. घोड्याच्या नाकापाशी धूळ त्याहून कितीतरी दाट असते.

५. खरी चाचणी: गवत काढून पाहणे

एक चाचणी अशी आहे जिला सुई लागत नाही. घोड्यासमोरून सुके गवत काढा आणि त्याला उघड्यावर चरायला बांधा. तेवढ्याने खोकला काही दिवसांत कमी होऊ लागतो आणि काही आठवड्यांत श्वास बराच सावरतो. पुन्हा तबेल्यात आणून तेच बुरसट गवत टाकले की धाप परत येते. संशोधक या आजाराचा अभ्यास करतात तेव्हा घोड्याला आजारी पाडण्यासाठी हीच रीत वापरतात: बुरसट गवत खायला घालायचे. कारण आणि परिणाम यांचा इतका सरळ पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो. हा पुरावा कातडीच्या कोणत्याही निकालापेक्षा मोठा आहे.

म्हणून मालकाने करायच्या गोष्टींचा क्रम असा असावा:

पहिली, घोडा शक्य तितका उघड्यावर ठेवणे.
दुसरी, गाठी आणि पेंढा त्याच्या डोक्यावरच्या माळ्यावर न रचता वेगळ्या जागी ठेवणे.
तिसरी, झाडलोट आणि चारा झटकण्याचे काम घोडा बाहेर असताना करणे.
चौथी, सुके गवत पाण्यात बुडवून, निथळवून ओले असतानाच खाऊ घालणे.
पाचवी, अंथरायला बुरसट पेंढा न वापरणे.

औषध या पाचांच्या नंतर येते, त्यांच्या ऐवजी नाही.

६. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप: एकाच तबेल्यात चार घोडे तेच गवत खातात, मग दमा एकालाच का? दोष त्याच्या शरीरात नाही का? काही अंशी आहे. हा आजार घराण्यात उतरतो. आई-बाप दमेकरी असतील तर शिंगराला धोका जास्त. वयही मोजावे लागते, कारण तीव्र रूप बहुधा प्रौढ घोड्यांत दिसते. पण प्रवृत्ती म्हणजे कारण नव्हे. वाळलेल्या लाकडाला आग लवकर लागते म्हणून काडी ओढणारा निर्दोष ठरत नाही. शिवाय प्रवृत्ती आपल्याला बदलता येत नाही, गवत बदलता येते. आणि उरलेल्या तीन घोड्यांची फुप्फुसेही त्याच धुळीत आहेत. त्यांचा सौम्य दाह कदाचित अजून खोकल्यातून बोलत नसेल, एवढेच.

दुसरा आक्षेप: इंजेक्शनांनी काही घोडे सुधारले, हे कसे नाकारणार? मी नाकारत नाही. पण असे उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्या काळात ऋतू बदलतो, गवताचा जुना साठा संपून नवा येतो, सावध झालेला मालक तबेलाही साफ ठेवू लागतो. सुधारणा कशाने झाली, हे वेगळे काढल्याशिवाय श्रेय सुईला देता येत नाही. गवत काढण्याचा परिणाम मात्र पुन्हा पुन्हा तपासून पाहता आला आहे.

तिसरा आक्षेप: स्टेरॉइड दिले की घोडा दोन दिवसांत मोकळा श्वास घेतो, मग एवढा खटाटोप कशाला? स्टेरॉइड आणि श्वासनलिका रुंदावणारी औषधे जीव वाचवतात. तीव्र झटक्यात ती दिलीच पाहिजेत, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. पण धूळ चालू ठेवून औषध देणे म्हणजे नळ उघडा ठेवून जमीन पुसणे. औषध थांबले की आजार परत येतो, आणि दीर्घकाळच्या स्टेरॉइडची किंमत शरीर वेगळी मोजते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पाणी कुठून आणायचे? शहापूर आणि मुरबाडच्या कित्येक पाड्यांत चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. धरणे त्यांच्या अंगणात आणि नळ मुंबईत. तिथे घोड्याचे गवत भिजवा म्हणणे क्रूर वाटू शकते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. गवत भिजवणे हा खालच्या टोकाचा उपाय आहे. आश्विन-कार्तिकात गवत नीट वाळले तर वैशाखात ते भिजवायला लागणारे पाणी वाचते. ज्या गावाला प्यायला पाणी नाही, त्या गावाने वाळवणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. आणि तबेला शहरात असेल, जिथे इथलेच पाणी नळाला येते, तिथल्या मालकाला तर ही सबबही नाही.

७. तीच धूळ, दुसरी फुप्फुसे

‘घोड्याला ॲलर्जी आहे’ हे वाक्य आणखी एक नुकसान करते. ते एका हवेचा प्रश्न एका जनावराच्या अंगात कोंडून टाकते. गवत घोड्याच्या नाकापर्यंत पोचण्याआधी किती माणसांच्या श्वासातून गेलेले असते, ते आठवून पाहा. कापणारे कातकरी, ठाकूर, कुणबी मजूर, भारे वाहणाऱ्या बायका, वखारीत गाठी दाबणारे कामगार, ट्रकवर उभे राहून माल रचणारे हमाल, शेवटी तबेल्यात गाठ सोडणारा मोतद्दार. हे सगळे तीच धूळ ओढतात. इंग्लंडमध्ये १९३२ साली बुरसट गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांच्या फुप्फुसविकाराचे वर्णन झाले आणि त्याला पुढे ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असे नाव पडले. रॉथमस्टेडचे प्रयोग मुळात या माणसांच्या आजाराचे कोडे सोडवण्यासाठीच झाले होते.

घोड्याची चाचणी करायला कोणी तरी तयार होते, कारण घोड्याला किंमत आहे. वखारीतल्या मजुराच्या संध्याकाळच्या तापाला आणि खोकल्याला सर्दी म्हणून सोडून दिले जाते. म्हणून मी म्हणतो, धापणारा घोडा ही एका घराची अडचण नव्हे, ती सूचना आहे. त्याच्यासाठी हवा स्वच्छ केली तर मोतद्दाराचीही होते. त्याच्या कातडीत इंजेक्शन दिले तर मोतद्दार जिथल्या तिथे राहतो.

८. मग पैसा कुठे खर्च व्हावा

गवत वजनावर विकले जाते तेव्हा त्यातला ओलावाही विकला जातो. चार दिवस जास्त वाळवणाऱ्या शेतकऱ्याचे गवत हलके होते, त्याचे पैसे कमी होतात, वर परतीच्या पावसाचा धोका त्याच्याच माथी. व्यवस्थाच अशी असेल तर अर्धओले गवत बांधणाऱ्याला दोष कसा देणार? चाचणीवर आणि इंजेक्शनांवर जाणारा पैसा गवताच्या भावात गेला पाहिजे. कोरड्या, धूळ न उडणाऱ्या गवताला जास्त दर द्यावा. गाठीचा ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, ते खरेदीच्या वेळी वापरावे. गावोगावी पावसापासून आडोसा देणारे, जमिनीपासून उंच असे मांडव उभे राहावेत, जिथे कापलेले गवत वारा खात वाळेल. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाला १८८६ पासूनची परंपरा आहे. तिथल्या अभ्यासकांनी इथल्या कुसळी-पवन्याच्या आणि पेंढ्याच्या धुळीत नेमके काय असते, याचा शोध घेतला तर घोडेवाल्यांना, म्हशीवाल्यांना आणि मजुरांना त्याचा उपयोग होईल.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी यात्रा आणि जनावरांचा बाजार भरतो. बैल घेणारा शेतकरी तिथे जनावराचे दात पाहतो, पाठीवर हात फिरवतो, त्याला चालवून बघतो. ऐकीव गोष्टीवर तो पैसे टाकत नाही. घोड्याच्या मालकाने गवत घेताना तेवढेच करावे. गाठ सोडून मधोमध हात घालावा. ऊब लागते का, कुबट वास येतो का, झटकल्यावर धूळ उडते का, ते पाहावे. गवत चांगले निघाले तर ते वाळवणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यावेत. पुढच्या दसऱ्याला तो माणूस आभाळ भरून आले तरी पेंढ्या उलटायला माळावर थांबेल, आणि घोड्याचा श्वास त्या थांबण्यावर अवलंबून आहे.